श्रद्धांजली लिहून झाली, आता वहिनींसोबत कागदं घेऊन कोण जाणार?

आपल्या दहावीच्या बॅचमधला आपला मित्र गेला. नाव मुद्दाम टाकत नाहीये, वहिनींना न विचारता इथे लिहिणं मला बरं वाटत नाही, ज्यांना कळायचं त्यांना कळेलच. ४६ वय. अंबडला कंपनीत नोकरी, रात्री नीट जेवला, छातीत जळजळतंय म्हणून पित्ताची गोळी घेतली आणि पहाटे संपलं सगळं. अजून खरं वाटत नाही.

जुन्या नाशकातला, वाड्यात वाढलेला पोरगा. रंगपंचमीला रहाड, म्हणजे रंगाच्या पाण्याचा जुना हौद, उघडली की आम्ही काठावर उभं राहून तू आधी, तू आधी करत बसायचो आणि हा तेवढ्यात कपड्यांसकट धप्पा मारून मोकळा! पावसाळ्यात गंगापूर धरणाचं पाणी सोडलं की शाळा सुटल्यावर गंगेवर, म्हणजे गोदावरीवर पळायचं, नदीतल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीला कुठवर पाणी आलं बघायला, आणि तिथून सायकलवर डबलसीट घरी. अभ्यासात मधलाच, पण अक्षर असं की सर वर्गातले सगळे फॉर्म त्याच्याकडूनच भरून घ्यायचे. ज्यांच्या घरी लिहिणारं कोणी नव्हतं त्यांचे स्कॉलरशिपचे फॉर्म हाच भरायचा, कोणी सांगावं लागायचं नाही.

ही सवय त्याची शेवटपर्यंत राहिली. सप्टेंबर २००८ चा पूर आठवतोय ना, सराफ बाजारात पाणी शिरलं होतं तो? त्याच दिवसांत माझे वडील गेले. स्मशानात सगळेच आले होते, पण नंतर मृत्यूचा दाखला, बँक, आईची पेन्शन, या सगळ्याला सुट्ट्या टाकून माझ्यासोबत लायनीत उभा राहिला तो हा एकटा. आई अजून म्हणते, तेव्हा तो नसता तर आपलं अवघड होतं.

म्हणून आज लिहायला बसलो. ग्रुपवर दिवसभर हात जोडलेले फोटो आले, दहाव्याला रामकुंडावर बरेच जण आले, काही तर पुण्या-मुंबईहून रात्रीत निघून आले, प्रेम होतंच सगळ्यांचं, त्यात काही खोटं नाही. पण माझं स्पष्ट मत आहे की मित्रांची खरी गरज तेराव्यानंतर सुरू होते. पाहुणे गेलेले असतात आणि घरातल्या बाईपुढे कागदांचा ढीग पडलेला असतो, त्यातही कशाला किती घाई करायची हे तिला कोणी सांगितलेलं नसतं.

परवा वहिनींकडे गेलो होतो. बँक खात्याला नॉमिनी म्हणून अजून त्याचे वडील, जे कधीच वारले. लग्नाआधीचं खातं, नंतर बदलायचं राहून गेलं, आपल्यातल्या निम्म्यांचं असंच असणार बघा. पासबुक चाळताना मे महिन्यात ४३६ रुपये कापलेले दिसले. वहिनींना वाटलं बँकेचा चार्ज असेल. तो प्रधानमंत्री जीवन ज्योती विम्याचा हप्ता आहे, मृत्यू कशानेही झालेला असला तरी २ लाख मिळतात, पण बँकेत जाऊन क्लेम मागावा लागतो, आपोआप काही येत नाही! पीएफ ज्यांचा कापला जातो त्यांना ईडीएलआय नावाचा विमा असतो, पगारातून एक रुपया जात नाही, कंपनी भरते, जास्तीत जास्त ७ लाखांपर्यंत. शिवाय बायकोला पेन्शन आणि दोन मुलांना २५ वर्षांची होईपर्यंत वेगळी पेन्शन. यातलं वहिनींना काहीच माहीत नव्हतं, आणि त्यात त्यांचा काय दोष, हे कंपनीच्या एचआरने घरी येऊन सांगायला पाहिजे होतं असं मला मनापासून वाटतं.

अजून एक, नॉमिनी म्हणजे मालक नाही. बँक त्याच्या हातात पैसे देते, हक्क मात्र वारसांचा असतो. यावरून सख्ख्या भावाभावांत वाजलेलं मी पाहिलंय. आणि १ नोव्हेंबर २०२५ पासून बँकेत एका खात्याला चार नॉमिनी लावता येतात, त्यामुळे बायको की आई हा प्रश्नही राहिलेला नाही. आजच जाऊन बघा तुमच्या खात्यावर कोणाचं नाव आहे ते. फोनचा पासवर्डही घरात एकाला तरी माहीत असू द्या. त्याचा फोन अजून उघडलेला नाही, पोरांचे सगळे फोटो त्यात आहेत.

तर आता कामाचं. सोमवारी सकाळी मी वहिनींना घेऊन बँकेत जातोय, विम्याचा फॉर्म त्याच दिवशी देऊन टाकू. पीएफसाठी त्याच्या कंपनीत कोणाची ओळख असेल तर मला फोन करा, फॉर्मवर कंपनीचा सही-शिक्का लागेल. बॅचमध्ये दोघं वकील आहेत, वारस दाखल्याचं त्यांनी बघावं, फी आपण सगळे मिळून भरू. धाकटी यंदा दहावीला आहे, गणित आणि सायन्स शिकवणारं कोणी गंगापूर रोड साईडला राहत असेल तर तिला आठवड्यातून दोन संध्याकाळी द्या. कमेंटमध्ये नको, सरळ फोन करा, नंबर ग्रुपवर आहे.