लाल फुगा

“तुमचं टायपिंग चांगलंय ओ,” असं परवा एका बाईंनी मला सांगितलं आणि नमस्कार केला तो शेजारच्या स्टुलावर चहा भुरकत बसलेल्या काकांना. तो चहाही बाईंच्याच पैशाचा!

सोलापुरात अशोक चौकाकडच्या एका सेवा केंद्रात मी बाईंच्या पोराचा आरटीईचा, म्हणजे शिक्षण हक्क कायद्याचा फॉर्म भरत होतो. खाजगी शाळेतल्या २५ टक्के मोफत जागांचा. काका आले होते पॅनकार्डाची झेरॉक्स काढायला. झेरॉक्स निघाली, काका निघाले नाहीत.

या फॉर्ममधली खरी घातक वस्तू म्हणजे नकाशावरचा लाल फुगा. घर जिथं, फुगा तिथं. शाळेचं अंतर तिथूनच मोजतात. आधी १ किलोमीटरच्या आतले, मग १ ते ३ वाले. पण आपले पत्ते ‘मारुतीच्या देवळामागं, गिरणीसमोरचा बोळ’ असे, त्यामुळे पत्ता टाकला की फुगा खुशाल कुठंही जाऊन बसतो. म्हणून आदल्या दिवशीच घराच्या दारात उभं राहायचं, मोबाईलचं लोकेशन चालू करायचं, नकाशावर बोट दाबून धरायचं आणि येणारे अक्षांश-रेखांशाचे दोन आकडे लिहून आणायचे. १७ ने सुरू होणारा आधी, ७५ चा नंतर. उलटे टाकले तर सोलापूरचं पोरगं नॉर्वेच्या उत्तरेला बर्फाळ समुद्रात राहायला जातं, आणि तिथं १ किलोमीटरच्या आत एकही इंग्रजी माध्यम नाही.

“ओ सर,” काका म्हणाले, “फुगा शाळेच्या गेटातच सरकवा की. अंतर शून्य!”

“आणि राहतात कुठं म्हणून सांगायचं? वॉचमनच्या केबिनमध्ये?”

“वॉचमन आपल्या ओळखीचा हाय.”

पडताळणीत रेशनकार्डावरचा पत्ता आणि फुगा जुळला नाही तर सोडतीत लागलेला नंबर जातो, हे मी सांगितलं. भाडेकरू असाल तर करार नोंदणी केलेलाच लागतो, नोटरीचा चालत नाही, हेही सांगितलं. काकांनी माझ्याकडे दयेनं पाहिलं.

“शाळा किती टाकता येतात?”

“दहापर्यंत.”

“मग एकच चांगली बघून दहा वेळा टाका. नाहीतर तीन फॉर्म भरा. एक आईच्या मोबाईलवरनं, एक बापाच्या, एक आज्जीच्या.”

एका मुलाचे दोन अर्ज सापडले की दोन्ही बाद. तीन भरले तर काय, तिन्ही बाद! पण बाई मान डोलवत होत्या. काकांना, मला नाही. उत्पन्नाचा दाखला नाही म्हणून त्यांना माघारी पाठवायचंही काकांनी ठरवलं होतं. त्यांच्याकडे जातीचा दाखला होता. वंचित गटाला तो पुरतो. १ लाखाच्या उत्पन्नाची अट आर्थिक दुर्बलांना. हे पटवण्यात माझी वीस मिनिटं गेली.

काकांना तरी किती बोलायचं? २०२४ मध्ये सरकारनंच नियम बदलला. सरकारी किंवा अनुदानित शाळा १ किलोमीटरच्या आत असेल तर खाजगी शाळेला या २५ टक्के जागांतून सूट. लोकांनी फॉर्म भरले, हायकोर्टानं स्थगिती दिली, फॉर्म पुन्हा भरले. १९ जुलैला तो बदल रद्दच झाला, तोवर शाळा भरून महिना उलटला होता. जिची मजुरी हजार बिड्यांच्या हिशेबानं ठरते, तिनं सेवा केंद्रात घालवलेले ते दोन-दोन दिवस कुणाच्या खात्यातून वळते करायचे?

असो. अर्ज गेला. प्रिंट हातात दिली आणि बाईंना बजावलं, नंबर लागल्याच्या मेसेजच्या भरवशावर राहू नका, अर्ज क्रमांक टाकून पोर्टलवर स्वतः बघा, प्रवेशाची मुदत थोडी असते.

बाईंनी काकांकडे पाहिलं. काकांनी कप खाली ठेवला, जरा विचार केला.

“बघा ओ. बरोबर बोलतंय पोरगं.”