रासमुसेन गेले, रासमुसेन आले

डेन्मार्कमध्ये १९९३ साली रासमुसेन पंतप्रधान झाले. २००१ साली ते निवडणूक हरले आणि त्यांच्या जागी विरोधी पक्षाचे रासमुसेन आले. २००९ साली हे दुसरे रासमुसेन नाटोचे सरचिटणीस व्हायला निघाले, तेव्हा खुर्ची रासमुसेन यांच्याकडे गेली. तिघे एकमेकांचे कुणीही लागत नाहीत. आपल्याकडे हे घडलं असतं तर घराणेशाहीवर किती अग्रलेख पडले असते! डॅनिश लोकांनी मात्र निमूटपणे मधली नावं उचलली. न्यूरुप, फोग आणि लोके. आडनाव आहे, पण वापरायचं नाही.

माझं स्पष्ट मत आहे की स्कँडिनेव्हियात आडनावाच्या भरवशावर माणूस शोधायला निघू नये. साठ लाखांच्या आसपास वस्तीच्या डेन्मार्कात नील्सेन आणि येन्सेन प्रत्येकी दोन लाखांच्या वर आहेत. बरं, यात त्या लोकांचा दोष नाही. दोष आहे तो चालत्या गोष्टीला मध्येच 'स्टॅच्यू' म्हणणाऱ्या सरकारांचा.

मूळ पद्धत अगदी सोपी होती. हान्सचा मुलगा तो हान्सेन, मुलगी ती हान्सडॅटर. लग्न झालं तरी बाई हान्सडॅटरच राहायची, कारण नवरा बदलला म्हणून बाप बदलत नाही. गडबड व्हायची ती दुसऱ्या नियमामुळे. पहिल्या मुलाला आजोबांचं नाव, म्हणजे बापाच्या बापाचं. त्यामुळे हान्स येन्सेनचा मुलगा येन्स हान्सेन, त्याचा मुलगा पुन्हा हान्स येन्सेन, त्याचा पुन्हा येन्स हान्सेन. शंभर वर्षं दोनच नावं घरात झोका घेत राहायची. दुसऱ्या मुलाला आईच्या वडिलांचं नाव. आता दोन्ही आजोबा 'उले' असले तर? तर घरात दोन उले. थोरला उले, धाकटा उले, दोघंही हयात आणि दोघंही उल्सेन, कारण बापाचं नावही उलेच असू शकतं. एखादं मूल गेलं की पुढच्याला तेच नाव. बायको गेली आणि नवऱ्याने दुसरं लग्न केलं, तर दुसरीच्या पहिल्या मुलीला पहिलीचं नाव. दुसरीला कसं वाटत असेल, ते नोंदवहीत लिहिलेलं नसतं.

१८२८ साली डेन्मार्कच्या राजाने फर्मान काढलं की आता आडनाव कायमचं ठरवा. कसं ठरवायचं याचा अर्थ प्रत्येक पाद्र्याने आपापल्या परीने लावला. येन्स हान्सेनच्या पोरांना एका गावात येन्सेन लावलं, दुसऱ्या गावात हान्सेन. लोक तर आणखी काही दशकं जुन्याच चालीने जात राहिले. १८५६ साली सरकारने पुन्हा दटावलं. ज्या दिवशी झोका थांबला त्या दिवशी जो आजोबा पुढे होता, तो कायमचा चिकटला. आणि मुलीसुद्धा 'सेन' झाल्या. आज एखादी कारेन हान्सेन शब्दशः 'हान्सचा मुलगा' आहे आणि तिचं काही अडत नाही.

नॉर्वेत हा घोळ १९२३च्या कायद्यापर्यंत चालला, पण त्यांच्याकडे एक जादा हत्यार होतं: शेताचं नाव. हॉगेन म्हणजे टेकाड, विक म्हणजे खाडी, बाक्के म्हणजे चढण, मूएन म्हणजे माळ. उले हान्सेन हॉगेन, म्हणजे हान्सचा पोर उले, सध्या मुक्काम टेकाडावर. आपल्याकडे गाव सुटून सात पिढ्या झाल्या तरी 'कर' सुटत नाही. तिकडे शेत सुटलं की नाव सुटायचं. घरजावई झालेला माणूस बायकोच्या शेताचं नाव लावायचा, आणि त्यात कुणाला कमीपणा वाटत नसे. त्यामुळे एकच माणूस जन्माच्या नोंदीत हॉगेन, लग्नाच्या नोंदीत विक आणि मृत्यूच्या नोंदीत बाक्के सापडतो. सख्खे भाऊ अमेरिकेला गेले, एकाने बापाचं नाव लावलं, दुसऱ्याने शेताचं. आता त्यांचे पणतू एकमेकांना ओळखत नाहीत.

म्हणून जुन्या नोंदी चाळणाऱ्यांना माझं एकच सांगणं असतं. नॉर्वेची चर्चबुकं स्कॅन करून इंटरनेटवर फुकट ठेवलेली आहेत; आधी पॅरिश, म्हणजे त्या चर्चच्या हद्दीतला गावांचा गट, पकडा, मग शेत, मग बापाचं नाव, मग तारीख, आणि सगळ्यात शेवटी त्या माणसाच्या नावाकडे बघा. बाप्तिस्म्याच्या साक्षीदारांची नावं उतरवून घ्या, कारण ते बहुधा काका, मामा, आत्या निघतात. स्पेलिंगवर भांडू नका. उलुफ, उलाव, उले एकच असू शकतो. मात्र क्रिस्टेन आणि क्रिस्टियान ही दोन वेगळी नावं आहेत. तिथे घाई केलीत तर भलत्याच घराण्याचे वंशज होऊन बसाल.

स्वीडनने यावर लष्करी तोडगा काढला. १६८२ पासून तिथे काही शेतांच्या गटाने मिळून एक शिपाई पोसायचा, त्याला खोपटं आणि जमिनीचा तुकडा द्यायचा अशी रीत पडली. दीडशे शिपायांच्या तुकडीत 'आंदर्स आंदरसॉन!' असं ओरडलं की निम्मी रांग पुढे यायची. मग प्रत्येकाला आखूड, ठसकेबाज नाव मिळू लागलं. रास्क म्हणजे चपळ, मूदिग म्हणजे धीट, शोल्ड म्हणजे ढाल, ग्लाड म्हणजे आनंदी. पण गंमत अशी की बऱ्याचदा हे नाव माणसाचं नसून खोपटाचं असे. रास्क म्हातारा होऊन गेला की त्याच्या जागी येणाराही रास्क, मग तो कितीही सुस्त असेना.

शहरी मध्यमवर्गाला शिपायाचंही नाव नको आणि बापाचंही नको. त्यांनी निसर्ग फोडून तुकडे जोडले. लिंड हे झाड, बेर्ग हा डोंगर, स्ट्रोम हा प्रवाह, ग्रेन ही फांदी, क्विस्ट ही डहाळी, शो हे तळं. कुठलेही दोन घ्या आणि जोडा. अर्थ लागलाच पाहिजे असा आग्रह नाही, त्यामुळे बेर्गक्विस्ट म्हणजे डोंगराची डहाळी आणि शोग्रेन म्हणजे तळ्याची फांदी. शिकलेल्यांनी त्यावर लॅटिनचा मुलामा दिला. नील्स इंगेमार्सॉन विद्यापीठात जाताना घरच्या जमिनीवरच्या मोठ्या लिंड वृक्षावरून लिनेयस झाले. त्यांच्या मुलाने, कार्लने, पुढे जगातल्या यच्चयावत झाडांना दोन-दोन शब्दांची नावं दिली. सरदार मंडळी ढालीवरचं चित्र बघून नाव घ्यायची. एका घराण्याची ढाल अर्धी सोनेरी, अर्धी निळी, म्हणून ते 'रात्र आणि दिवस'. आणखी एक घराणं स्विनहुफवुद, म्हणजे डुकराचं मुंडकं. त्यातले एक गृहस्थ १९३१ साली फिनलंडचे राष्ट्राध्यक्ष झाले.

आडनावांआधीचा काळ मला जास्त प्रामाणिक वाटतो. तेव्हा टोपणनावावर काम भागायचं: चपट्या नाकाचा केटिल, कॉड मासा चावणारा थोर्स्टाइन, निळ्या दाताचा हाराल्ड. हा शेवटचा दहाव्या शतकातला डॅनिश राजा, आणि आपण रोज इअरफोन जोडताना त्याचंच नाव घेतो. ब्लूटूथचं चिन्हसुद्धा त्याच्या आद्याक्षरांच्या दोन रून, म्हणजे जुन्या नॉर्डिक लिपीतली अक्षरं, एकमेकांवर ठेवून केलं आहे. पाळण्यातली नावंही जोडकामच. सिग म्हणजे विजय, थोर तर देवच, ब्यर्न म्हणजे अस्वल. थोरब्यर्न झाला तयार. गुन्हिल्डमध्ये तर गुन म्हणजे युद्ध आणि हिल्ड म्हणजेही युद्ध. तेवढ्यानेही समाधान होईना, तेव्हा उलटं करून हिल्डेगुन हेही नाव ठेवलं.

आइसलँडने हट्टाने जुनी चाल सोडली नाही. चौघांच्या घरात चार आडनावं असतात: बाप योन आयनारसॉन, आई ओलाफ्सदोत्तिर, मुलगा योन्सॉन, मुलगी योन्सदोत्तिर. त्यामुळे हाक पहिल्याच नावाने, मग समोर राष्ट्राध्यक्ष का असेनात. छापील फोनपुस्तिकाही पहिल्या नावाच्या क्रमाने असे आणि नावापुढे व्यवसाय. नाहीतर योन योन्सॉन सुतार आणि योन योन्सॉन दंतवैद्य यांत उगाच गोंधळ. शिवाय बापाच्या नावाची षष्ठी नीट करावी लागते. योनचा योन्सॉन होतो, पण ब्यार्नीचा ब्यार्नासॉन, आणि आईचं नाव लावायचं तर हेल्गाचा हेल्गुसॉन. तिथे नावांसाठी सरकारी समितीच आहे आणि तिचा पहिला प्रश्न असतो की हे नाव विभक्तीत चालतं का. सामान्यरूपाने मार खाल्लेल्या मराठी माणसाला हे तरी पटावं.

मराठी माणूस स्वीडनला राहायला जातो तेव्हा उलटा घोळ होतो. आपल्या पासपोर्टावर पहिल्या नावाच्या रकान्यातच बापाचं किंवा नवऱ्याचं नाव बसलेलं असतं. तिकडच्या नोंदीत स्नेहाबाईंचं 'प्रकाश' हेही स्वतःचंच पाळण्यातलं नाव ठरतं, आणि दवाखान्यात प्रकाशच्या नावाचा पुकारा झाला की बाई जागच्या हलत नाहीत. उपाय सोपा आहे. तिथे लोकसंख्येची नोंद कर खातं ठेवतं. हाक मारायचं नाव कोणतं, ते त्यांना कळवून ठेवावं. दुसरी खबरदारी टिंबांच्या अक्षरांची. पासपोर्टच्या तळाच्या, यंत्राने वाचायच्या ओळींत फक्त इंग्रजी सव्वीस अक्षरं चालतात, म्हणून डोक्यावर दोन टिंबं असलेल्या 'ओ'चं तिथे बहुधा 'ओ-ई' होतं, गोल टोपीच्या 'ए'चं 'ए-ए'. स्वीडिश सहकाऱ्याचं तिकीट काढताना ती तळाची ओळ बघून टाइप करावं.

हे कर खातं नावांबाबत कडक आहे. स्वीडनमधल्या एका जोडप्याने मुलाचं नाव पाच वर्षांपर्यंत नोंदवलं नाही, म्हणून न्यायालयाने १९९६ साली पाच हजार क्रोनर दंड केला. त्यावर त्यांनी अक्षरं आणि आकडे मिळून ४३ चिन्हांचं एक नाव सादर केलं आणि उच्चार कळवला 'आल्बिन'. ते फेटाळलं गेलं. मग त्यांनी नुसतं 'ए' हे एकच अक्षर दिलं. उच्चार अर्थात 'आल्बिन'. तेही फेटाळलं.