एमिट स्मिथचे सगळे यार्ड काउबॉइजचे नाहीत

अमेरिकन फुटबॉलमधल्या डॅलस काउबॉइज टीमच्या बेस्ट रनिंग बॅक्सची (बॉल घेऊन धावणाऱ्या खेळाडूंची) जी यादी फिरतेय ना, त्यात एमिट स्मिथपुढे १८,३५५ यार्ड (बॉल घेऊन धावत कापलेलं अंतर) काउबॉइजसाठी असं लिहिलंय, ते चूक आहे. तो आकडा पूर्ण करिअरचा, त्यातले १७,१६२ डॅलसचे आणि उरलेले १,१९३ अ‍ॅरिझोना कार्डिनल्सकडून २००३-०४ मधले. नंबर एक तोच राहतो, आणि वॉल्टर पेटनचा करिअरमधल्या सर्वाधिक रनिंग यार्डचा विक्रम त्याने २००२ मध्ये डॅलसच्याच जर्सीत मोडला, त्यामुळे उगाच आकडा फुगवायची गरजच नाही. टोनी डॉर्सेटचंही तेच केलंय, १२,७३९ पैकी ७०३ डेन्व्हर ब्रॉन्कोस टीमचे आहेत, म्हणजे डॅलससाठी १२,०३६. आणि त्याची मिनेसोटाविरुद्धची ९९ यार्डची धाव यादीत नाहीच, हे मात्र खरंच खटकलं. प्लीज दुरुस्त करूनच पुढे पाठवा.