बसतंय की!

मराठीत ‘बसणे’ हे फार सोशिक क्रियापद आहे. घसा बसतो, धंदा बसतो, धक्का बसतो, भुर्दंड बसतो. गेल्या पावसाळ्यात माझ्याकडे हे सगळं यथासांग बसलं. बसले नाहीत ते फक्त सोळा बोल्ट.

माझी गाडी फियाट पुंटो, २०११ ची. रांजणगावला जन्मलेली, म्हणजे थेट महागणपतीची शेजारीण. कंपनीने २०१९ मध्ये इथलं दुकान आवरलं, तेव्हापासून पुंटोवाले सिग्नलला एकमेकांकडे बघून मान हलवतात, दहाव्याला ओळखीचा दिसावा तशी. अशा वयात गाडीला नवी चाकं घालायची बुद्धी मला झाली, कारण एका ओळखीच्याने जुनी गाडी विकताना चार अलॉय व्हील्स काढून ठेवली होती. “पुंटोला बसतील?” मी विचारलं. तो म्हणाला, “चाकाला चार भोकं, गाडीला चार बोल्ट. न बसायला काय झालं?”

हा युक्तिवाद मला पटला, हे आज लिहिताना लाज वाटते.

टायरच्या दुकानातल्या पोराने चाक उचललं, हबवर, म्हणजे गाडीच्या ज्या भागावर चाक बसतं तिथे टेकवलं, बोल्ट हाताने अर्धा फिरवला आणि आवळायची गन लावली. घर्रर्र. “बसतंय की, साहेब!” सोळा वेळा घर्रर्र, सोळा वेळा बसतंय. मी गाडीपासून दहा पावलं मागे जाऊन फोटो काढला. नंतर हीलाही दाखवला. ही म्हणाली, “छान. पण गाडी तीच आहे ना?”

कात्रजच्या नव्या बोगद्यापाशी सत्तरला स्टिअरिंग थरथरायला लागलं. ऐंशीला त्याच्या अंगात आलं. “अहो, तुमचे हात का कापताहेत?” ही म्हणाली. मी म्हटलं, रस्ता खराब आहे. रस्ता नुकताच केलेला होता. पुढच्या आठवड्यात दोनदा बॅलन्सिंग करून घेतलं, रिमला शिशाचे तुकडे चिकटवले, आणि स्टिअरिंगने तेवढ्याच भक्तिभावाने घुमणं चालू ठेवलं.

मग विषय अण्णांपर्यंत गेला. अण्णा म्हणजे माझे वडील. पिंपरीच्या कारखान्यात एकतीस वर्षं लेथवर काढली. त्यांच्या लेखी जगात वस्तू दोनच प्रकारच्या असतात, मापातल्या आणि मापात नसलेल्या. रविवारी सकाळी ते पाट घेऊन पार्किंगमध्ये उतरले. लाकडी पेटीतून व्हर्निअर काढला, त्याचे जबडे बनियनला पुसले, शून्य जुळतं का ते उजेडाकडे धरून बघितलं, आणि समोरासमोरच्या दोन भोकांमधलं अंतर मोजलं.

“शंभर,” ते म्हणाले. मग हबवर लावला. “अठ्ठ्याण्णव.”

“दोनच मिलिमीटरचा फरक, अण्णा.”

अण्णांनी चष्मा कपाळावर घेतला. “आमच्याकडे दोन शतांश मिलिमीटरला जॉब परत यायचा. तू दोन मिलिमीटरवर बायकोला बसवून हायवेला नेतोस?”

प्रकरण असं होतं. माझ्या पुंटोच्या हबवर चार बोल्टांचं वर्तुळ ९८ मिलिमीटर व्यासाचं, बाजारातली बहुतेक चार बोल्टांची चाकं १०० ची. म्हणजे प्रत्येक भोक एक मिलिमीटर बाहेर. पहिला बोल्ट खुशीत बसतो, बाकीचे तिघे तिरके होऊन ओढून-ताणून बसल्याचा देखावा करतात. लग्नाच्या पंगतीत चौघांच्या जागेत पाचवा शिरतो तसं. चाक आवळलेलं दिसतं, पण मध्यावर नसतं. शिवाय चाकाचं मधलं भोक ७३.१ आणि ते ज्यावर बसायचं तो माझ्या हबचा ओठ ५८.१. म्हणजे आधाराला तिथेही कोणी नाही, सगळा भार त्या वाकड्या बोल्टांच्या मानेवर. वर चाकाची आतली कड शॉकअपला घासत होती, म्हणून चाक पाच मिलिमीटर बाहेर घ्यायला स्पेसर, म्हणजे हब आणि चाकामध्ये घालायची चकती हवी.

“विकून टाक,” अण्णा म्हणाले, “आणि अठ्ठ्याण्णवची घे.” हा सल्ला शंभर टक्के बरोबर होता. मी त्यांचा मुलगा असल्यामुळे ऐकला नाही.

स्पेसरचं काम भोसरीत झालं. अण्णांच्या जुन्या सहकाऱ्याचा तिथे लेथ आहे. दोघांनी वर्तमानपत्राच्या कोऱ्या कडेवर चित्र काढलं. आतून ५८.१, बाहेर ७३.१ चा ओठ, जाडी ५. म्हणजे स्पेसरही तोच आणि मधली फट बुजवणारी रिंगही तीच. दोन म्हातारे ॲल्युमिनियमच्या त्या चकतीवर नख फिरवून असे खूश झाले की चहा दोनदा झाला. मला कोणी विचारलं नाही. मी पैसे द्यायला होतो.

राहिले बोल्ट. इथून पुढे माझे केस गेले.

पुण्यात गाडीचा कुठलाही भाग नाना पेठेत मिळतो, अशी माझी श्रद्धा होती. मी कागद घेऊन गेलो: जाडी १२, आट्यांमधलं अंतर १.२५, डोक्याखाली ६० अंशांचा शंकू आणि तो शंकू सुटा, सरकणारा. असा बोल्ट तिरका न होता ते दोन मिलिमीटर सांभाळून घेतो. पहिल्या दुकानदाराने कागद वाचला, परत दिला आणि नट काढून ठेवले. “आटे हेच, बारा-सव्वा. मारुतीचे.” मी म्हटलं, मारुतीला हबवर स्टड, म्हणजे बाहेर आलेल्या आटेदार दांड्या असतात, वरून नट लागतो, मला बोल्ट हवा. “मग स्टड ठोकून घ्या,” तो म्हणाला. दुसऱ्याकडे बोल्ट होते, पण फोक्सवॅगनचे, १४ जाडीचे, आणि डोक्याखाली शंकूच्या जागी गोलाई. शंकूच्या खळग्यात गोल बोल्ट टाकला की तो नुसत्या एका रेघेवर टेकतो, काही दिवसांनी आपोआप सैल होतो. तिसऱ्याकडे क्रोमचे, सुंदर, डोक्यावर ८.८ लिहिलेले. हा बोल्टच्या ताकदीचा आकडा; चाकाच्या बोल्टवर १०.९ हवं, हे अण्णांनी मला बसमध्ये चढतानासुद्धा बजावलं होतं.

चौथ्याकडे बारा-दीड होते. त्याने माझ्यासमोर माझ्याच जुन्या बोल्टशेजारी धरले. “सेम.” मी दोघांचे आटे एकमेकांत अडकवून उजेडाला धरले, अण्णांसारखे. तीन आट्यांपर्यंत गळ्यात गळा, मग मधून उजेड दिसायला लागला. असा बोल्ट हबमध्ये दीड फेरा आनंदाने जातो आणि अडतो. तिथे गन लावली की हबचे आटेच जातात. “बसतंय की,” दुकानदार म्हणाला. मी नमस्कार करून निघालो.

शेवटी मुंबईहून कुरियरने मागवले. स्पेसर पाचचा, म्हणजे बोल्टही पाच मिलिमीटर लांब हवा, नाहीतर पकडीतले चार आटे हकनाक जातात. मी मात्र हात राखायचा कशाला म्हणून दहाने लांब मागवले. पुढची दोन चाकं झकास. मागचं आवळलं आणि हाताने फिरवायला गेलो तर हलेना. बोल्टांची टोकं ड्रमच्या आत ब्रेकच्या सामानात घुसून बसली होती. ते मात्र बसले!

अण्णा काही बोलले नाहीत. पाट उचलला, बोल्ट पिशवीत घातले आणि परत भोसरी. टोकं पाच मिलिमीटरने छाटली, कडा मारून आणल्या. मग अण्णांनी एकेक बोल्ट हाताने आत घातला आणि फेरे मोठ्याने मोजले, “आठ, नऊ, दहा.” बोल्ट जेवढा जाड, किमान तेवढा आत गेला पाहिजे, हा त्यांचा हिशेब. बारा भागिले सव्वा. आवळायला गन नाही. समोरासमोर, एकाआड एक, टॉर्कचा पाना कटकन वाजेपर्यंत. गाडी शंभरला गेली तरी स्टिअरिंग गप्प. हीचा विश्वास बसेना.

म्हणून गणपतीला न्यायचं ठरलं, गाडीच्या माहेरी. शिक्रापूरच्या अलीकडे खडीने मागच्या टायरची बाजू फाडली. स्टेपनी काढली. पत्र्याची, कंपनीची, ९८ ची. तिला ना स्पेसर लागत ना लांब बोल्ट. लांब लावले तर पुन्हा ड्रमच्या आत. आणि जुने बोल्ट घरी, माळ्यावर.

पंक्चरवाला पाना घेऊन आला. “लावू का हेच? बसतंय की.”

अण्णांनी पायाशी ठेवलेली पिशवी उघडली. प्रसादासाठी आणलेल्या नारळाखालून श्रीखंडाचा रिकामा डबा निघाला, त्यावर स्केचपेनने लिहिलेलं: ‘जुने. ४ नग.’

“तू टायर धर,” ते मला म्हणाले. “आणि फेरे मोठ्याने मोज.”