बाईकडून हरलात तर ती चांगली खेळली म्हणून हरलात

पूल, म्हणजे टेबलवर क्यूने (काठीने) बॉल पॉकेटमध्ये घालायचा खेळ, त्याच्या लीग खेळणाऱ्यांच्यात सध्या एक मेसेज फिरतोय, बऱ्याच जणांनी मलाही पाठवला. त्याचा सारांश असा: लीगमध्ये समोर बाई आली की पुरुषाचं नुकसानच, जिंकलो तर "बाईला हरवलंस, त्यात काय" आणि हरलो तर सगळे हसणार. पूल शेवटी ताकदीचा खेळ आहे, त्यामुळे ती जिंकली म्हणजे एकतर हँडिकॅपने (कमी लेव्हलच्या खेळाडूला मिळणाऱ्या सवलतीने) जिंकली नाहीतर आपला दिवस खराब होता. मग शहाणपणा कशात, तर सुरुवातीपासूनच थोडं सैल खेळायचं आणि हरलो तर हसून "सोडून दिली" म्हणायचं. याला तिथे दिलदारपणा म्हटलंय आणि खाली लाइक्सचा ढीग आहे.

मी बरीच वर्षं टीमसाठी स्कोअरशीट भरतोय, अशा मॅच समोर बसून बघितल्यात, आणि हा मेसेज वाचून खरंच राग आला. नवीन पोरं हे वाचून लीगमध्ये येतात आणि पहिल्याच सीझनला तसं वागायला लागतात. म्हणून एकेक मुद्दा घेतो.

आधी ताकद. पूलचा बॉल सव्वादोन इंचाचा, म्हणजे ५७.१५ मिलिमीटर, आणि वजन १५६ ते १७० ग्रॅमच्या मधे. तो पॉकेटमध्ये घालायला किती ताकद लागते? जोर लागतो तो ब्रेकला, म्हणजे रचलेले बॉल फोडायच्या पहिल्या फटक्याला, आणि तिथेही नुसतं जोरात हाणून भागत नाही, पुढचा बॉल नीट भरून लागला पाहिजे आणि क्यूने मारायचा पांढरा बॉल टेबलच्या मध्यात थांबला पाहिजे, नाहीतर जोरात मारलेला पांढरा पॉकेटमध्ये जातो आणि समोरच्याला बॉल इन हँड मिळतो, म्हणजे पांढरा हातात घेऊन हवा तिथे ठेवता येतो. लीगमध्ये कितीतरी ठिकाणी सात फुटी टेबलं असतात, तिथे तर जोराचा उपयोग अजूनच कमी. बाकी सगळा खेळ क्यू सरळ जातो का, पांढरा कुठे थांबवायचा, कुठला बॉल आधी काढायचा आणि कधी पॉट न करता सेफ्टी लावायची, म्हणजे समोरच्याला अडकवणारा बचावाचा शॉट खेळायचा, यावर चालतो, आणि यात दंड किती जाड आहे याचा काडीचाही संबंध नाही.

मासाको कात्सुरा १९५२ साली सॅन फ्रान्सिस्कोमध्ये थ्री-कुशन बिलियर्ड्सच्या वर्ल्ड चॅम्पियनशिपला उतरल्या, बाकी सगळे पुरुष, आणि दहा जणांत त्या सातव्या आल्या, म्हणजे तीन पुरुष त्यांच्या खाली होते. जीन बालुकस यांनी १९७२ ते १९७८ सलग सात वेळा महिलांची यूएस ओपन जिंकली आणि पुढे पुरुषांच्या प्रोफेशनल स्पर्धांतही खेळल्या. अ‍ॅलिसन फिशर स्नूकरमध्ये सात वेळा महिला वर्ल्ड चॅम्पियन झाल्या आणि मग पूलमध्ये येऊन नाइन-बॉल या प्रकाराचं वर्ल्ड टायटल चार वेळा घेऊन गेल्या. यावर कोणीतरी लगेच म्हणणार की अगदी वरच्या पातळीवर रेटिंग पुरुषांचीच जास्त आहेत. आहेत, मान्य. पण खेळायला लागणारे मुलगे किती आणि मुली किती, टेबलवर तासन्‌तास बसायची मोकळीक कोणाला मिळते, हेही बघा की. आणि मुख्य म्हणजे जगातला एक नंबरचा पुरुष किती भारी खेळतो याचा तुमच्या मॅचशी संबंध काय? तो तुमच्या जागी खेळायला येणार नाहीये.

फार्गोरेट नावाची रेटिंग सिस्टीम आहे, त्यात बायका आणि पुरुष एकाच पट्टीवर मोजतात. दोघांत १०० पॉइंटचा फरक असेल तर वरचा खेळाडू साधारण दोन गेम जिंकतो तेव्हा खालचा एक जिंकतो. आता धरून चाला की तुम्ही तिच्यापेक्षा १०० ने वर आहात आणि रेस तीन गेमची आहे, म्हणजे जो आधी तीन गेम जिंकेल त्याची मॅच. हिशोब करून बघा, तरीही पाचातल्या जवळपास एका मॅचला ती जिंकणार, तुमचा दिवस खराब नसताना, कोणाची काही चूक नसताना. आणि रेटिंग सारखं असेल तर निम्म्या वेळा. लीगच्या रेस छोट्या असतात त्यामुळे हे होतच राहणार, आणि पुरुषाकडून असं हरलो की आपण दुसऱ्या दिवशी विसरतो पण बाईकडून हरलो की आठवडाभर कारणं शोधत बसतो.

आता हँडिकॅप, याच्यावर जास्त बोलायला नको खरं तर. अमेरिकेतून सुरू झालेली एपीए (अमेरिकन पूलप्लेयर्स असोसिएशन) लीग घ्या, एट-बॉलमध्ये, म्हणजे आपल्या गटाचे सगळे बॉल घालून शेवटी काळा घालायच्या प्रकारात, २ ते ७ स्किल लेव्हल असतात. ५ वाला आणि ३ वाला समोरासमोर आले तर ५ वाल्याला चार गेम जिंकायचे असतात आणि ३ वाल्याला दोन. तो ३ वाला पुरुष असला तरी दोनच. ती ७ असेल आणि तुम्ही ४ असाल तर तिला पाच जिंकायचे आणि तुम्हाला दोन, म्हणजे सवलत तुम्हाला मिळतेय, आणि ही शक्यता त्या मेसेज लिहिणाऱ्याच्या डोक्यातच आलेली नाही यावरूनच तो काय समजून बसलाय ते दिसतं. शिवाय हँडिकॅप धरून खेळायचं हे कबूल करूनच आपण लीगमध्ये नाव घालतो. जिंकलो की हँडिकॅप बरोबर आणि हरलो की हँडिकॅप चुकीचा, असं कसं चालेल?

सगळ्यात वाईट मुद्दा तो सैल खेळायचा. दिलदारपणा वगैरे काही नाही त्यात. पहिलं म्हणजे तुम्ही टीमसाठी खेळताय, तुमच्या सोडून दिलेल्या गेमचे पॉइंट बाकीच्यांना भरून काढावे लागतात आणि त्यांना तुम्ही विचारलेलं नसतं. दुसरं, स्कोअरशीटवर फक्त कोण जिंकलं एवढंच नसतं, किती इनिंग (पाळ्या) झाल्या आणि डिफेन्सिव्ह शॉट, म्हणजे सेफ्टी, किती खेळले तेही लिहिलं जातं आणि त्यावरून स्किल लेव्हल ठरते. मुद्दाम पॉट चुकवले की तुमच्या इनिंग वाढतात, लेव्हल खाली यायला लागते, यालाच सँडबॅगिंग म्हणतात आणि कुठल्याही लीगमध्ये ती फसवणूकच धरतात. मनात कितीही चांगलं असलं तरी शीटवर ते तसंच दिसतं.

आणि तिचं काय? ती पण तिथे पैसे भरून, वेळ काढून, सराव करून आलेली असते. तुम्ही सोडून दिलेला गेम तिच्या काय कामाचा, तिला कळणारच की नाही की समोरच्याने सोपा बॉल मुद्दाम घालवला? पूल खेळणाऱ्याला असलं लगेच कळतं. बरं, तुम्ही खरोखर झटून खेळलात, हरलात आणि मग "सोडून दिली" म्हणालात तर ते सरळ खोटं झालं, तिने मेहनतीने मिळवलेली गोष्ट तुम्ही तोंडाने काढून घेतली. मला यात सगळ्यात जास्त हे खटकतं, कारण याला उत्तर देता येत नाही. ती काय सिद्ध करणार की तुम्ही सोडली नव्हती?

मी स्कोअर करत असलेल्या, एक बाई आणि एक पुरुष यांच्यातल्या मॅचचं सांगतो. एट-बॉल, हिल-हिल, म्हणजे दोघांनाही जिंकायला एकेकच गेम हवा, शेवटचा रॅक. तिचा एक पट्टेवाला बॉल राहिलेला, तो कुशनला (टेबलच्या कडेला) चिकटून आणि पॉकेटच्या वाटेत समोरच्याचा बॉल. बरेच जण तिथे बँक मारायला, म्हणजे बॉल कुशनवर आपटून पॉकेटमध्ये घालायला गेले असते. तिने थोडा वेळ बघितलं, आपल्या बॉलला अगदी हलका स्पर्श केला आणि पांढरा हळूहळू सरकत त्याच्याच दोन बॉलच्या मागे जाऊन थांबला, नियमाप्रमाणे स्पर्शानंतर एखादा बॉल कुशनला लागावा लागतो, तोही व्यवस्थित लागला. त्याला त्याचा एकही बॉल सरळ दिसत नव्हता. मी शीटवर डिफेन्सिव्हची खूण केली तर तो माझ्याकडे बघून म्हणाला, "घाबरून खेळते." मग त्याने पांढरा एका कुशनवर आपटून आपल्या बॉलला लावायचा प्रयत्न केला, म्हणजे किक मारली, चुकली, फाउल. तिने पांढरा हातात घेतला, नीट ठेवला, पट्टेवाला घातला आणि काळ्यावर पोझिशन मिळाली. ती काळ्यासाठी वाकली आणि याने बसल्या जागी क्यूचे जॉइंट उघडायला सुरुवात केली. आवाज झाला, ती उठून उभी राहिली, परत चॉक लावला, परत वाकली, घातला. याने तिच्याकडे न बघताच हात पुढे केला, बोटं टेकवल्यासारखी केली आणि म्हणाला आज टेबल स्लो होतं.

यातली प्रत्येक गोष्ट घ्या. टेबल दोघांना तेच होतं. ती सेफ्टी घाबरट होती का? तोच माणूस आदल्या आठवड्यात स्वतः तशीच सेफ्टी लावून टाळ्या घेऊन गेला होता, तेव्हा ते डोकं होतं. आणि जॉइंट उघडण्याचं तर वर्ल्ड रूल्समध्येच आहे, निर्णायक गेममध्ये समोरचा टेबलवर असताना तुम्ही खेळायचा क्यू उघडलात तर तुम्ही मॅच सोडली असं धरतात. लीगच्या रात्री कोणी तेवढं लावून धरत नाही, पण समोरची वाकलेली असताना खुडबुड करणं हे अपमानासाठीच असतं, आणि तो माणूस पुरुषांसमोर असं करत नव्हता.

सगळे हसतात हा मुद्दा मात्र मी उडवून लावणार नाही, कारण हसतात हे खरं आहे. "अरे बाईकडून हरलास?" हे मी किती वेळा ऐकलंय. पण यात चूक हरलेल्याची कशी काय? आणि ती हसणारी मंडळी एक गोष्ट विसरतात, ती बाई दोन हातांच्या अंतरावर उभी राहून क्यू बॅगेत भरत असते, तिला सगळं ऐकू येतं. तिच्या चांगल्या मॅचनंतर तिला ऐकायला काय मिळतं तर तिच्याकडून हरणं ही शरमेची गोष्ट आहे. काही बायका दोन सीझन हे ऐकतात आणि तिसऱ्याला नाव घालत नाहीत, आणि मग आपणच म्हणतो की बायका लीगमध्ये येत नाहीत. हे बंद करायचं काम पहिलं कॅप्टनचं आहे, जागच्या जागी, सगळ्यांसमोर, "ती चांगली खेळली, बास" एवढं म्हटलं तरी पुरतं. हरलेला स्वतः पण करू शकतो. कोणी चिडवायला आलं की त्याला सांगायचं, अरे ती सेफ्टी बघितलीस का, मला बाहेरच पडता आलं नाही त्यातून. चिडवणाऱ्याकडे यावर बोलायला काही राहत नाही आणि तुम्ही खोटंही बोललेलं नसतं.

जिंकलो तर "त्यात काय", हे तर मला कळलंच नाही. तुमच्या बरोबरीच्या लेव्हलच्या खेळाडूला हरवलंत तर ते तेवढंच मोठं आहे.

आता हरल्यावर करायचं काय, कारण मेसेजला नावं ठेवून नुसतं थांबायचं नाहीये. हसत राहायची सक्ती नाही. वाईट वाटलं तर वाटू द्या, दोन मिनिटं गप्प बसा, हरल्यावर कोणालाही वाईट वाटतं आणि ती काही तुमच्याकडून आनंदाने उड्या मारायची अपेक्षा करत नाही. शेवटचा बॉल पडेपर्यंत क्यू हातात राहू द्या. उठून जा, तिच्याकडे बघून नीट हात मिळवा, "मस्त खेळलात" म्हणा, ओळख असेल तर "मस्त खेळलीस", आणि तिथेच थांबा. "मुलीच्या मानाने भारीच हं" हे कौतुक नाही. "तुझा स्टान्स जरा बदल, मी दाखवतो" हे तर अजिबात नाही, आत्ताच जिने हरवलं तिला न विचारता शिकवायला जायचं हे कुठून सुचतं लोकांना कळत नाही. काही जण उलट्या टोकाला जातात, चारचौघांत मोठमोठ्याने वाहवा करतात, तिच्यासाठी बॉल रचून रॅक लावतात, खुर्ची ओढून देतात, त्यानेही तिला अवघडल्यासारखं होतं. मी एकच तपासून बघायला सांगतो, समोर पुरुष असता तर तुम्ही हे बोलला असता का, केलं असतं का? नसतं तर इथेही नको.

बोलायचंच असेल तर खेळाबद्दल बोला. तो शॉट का घेतला नाहीस, पांढरा तिथे कसा थांबवलास, असं विचारा, बहुतेक खेळाडूंना हे सांगायला आवडतं आणि तुम्हालाही पुढच्या मॅचसाठी काहीतरी मिळतं. शीटवर सही करा आणि बाकीच्या मॅच बघायला थांबा, बॅग उचलून तडक निघून जाऊ नका.

आणि पुन्हा तीच समोर आली तर पूर्ण खेळा. तिला अडकवता येत असेल तर अडकवा. तिचा फाउल झाला तर "जाऊ दे" म्हणून सोडू नका, फाउल म्हणा आणि पांढरा हातात घ्या. तुमचा झाला आणि तिला दिसला नसेल तर स्वतःहून सांगा.