सिंकचं बटण दाबा आणि निवांत झोपा

शिक्षकहो, अभिनंदन. ऑनलाइन वर्गात तुम्ही गृहपाठ दिलात, मुलांनी तो जमा केला, तुम्ही डोळ्यांत तेल घालून तपासलात आणि गुण भरलेत. आता तेच गुण डिजिटल गुणनोंदवहीत जायला हवेत. पूर्वी या कामाला दोन शिक्षक लागायचे. एकानं गुण मोठ्यानं वाचायचे, दुसऱ्यानं लिहून घ्यायचे. चूक तेव्हाही व्हायची, पण कोणाची ते कळायचं. सिंकच्या, म्हणजे एका प्रणालीतले गुण दुसरीत आपोआप नेण्याच्या सोयीनं ही मागासलेली अवस्था कायमची संपवली आहे. आता चूक होते, पण ती कोणाचीच नसते.

पहिली गोष्ट, बटण दाबण्याआधी काही पाहत बसू नका. पाहिलं की शंका येतात आणि शंका आल्या की सत्राच्या शेवटच्या रात्री झोप उडते. गूगल क्लासरूम वापरत असाल तर गुणांच्या पानावर हिरवे आकडे दिसले की काम फत्ते समजा. खरं तर तिथला हिरवा आकडा कच्चा असतो. तुम्ही गुण लिहिलेत, पण काम मुलाला 'परत' केलेलं नाही, एवढाच त्याचा अर्थ. परत केलं की आकडा काळा होतो आणि मगच तो मुलाला दिसतो. तुमची जोडणी कच्चे गुण पुढे नेते की फक्त पक्के, हे ॲडमिनला विचारता येईल. पण विचारू नका. अर्ध्या वर्गाचे गुण गेले आणि अर्ध्याचे मागेच राहिले, तर मुलांमध्ये जी चुरस निर्माण होते ती कुठल्याच गृहपाठानं होत नाही.

यानंतर रिकाम्या रकान्याकडे वळू. इथे मात्र थोडं थांबावं लागेल, कारण सगळी करामत इथेच आहे.

रकाना रिकामा असण्याची कारणं बरीच असतात. मुलानं काम दिलंच नाही, दिलं पण तुम्ही अजून तपासलं नाही, मूल आजारी होतं म्हणून तुम्ही सूट दिलीत, किंवा मूल वर्गात आलं तेव्हा तो गृहपाठ होऊन गेला होता. तुमच्या डोक्यात हे सगळे प्रकार वेगळे असतात. नोंदवहीला एवढे नखरे परवडत नाहीत. एका मुलीला तीन कामांत शंभरपैकी 75, 80 आणि 85 मिळाले आणि चौथ्या कामाचा रकाना रिकामा आहे असं धरा. रिकामं सोडून दिलं तर तिची सरासरी 80. रिकाम्याचं शून्य झालं तर 60. मुलगी तीच, अभ्यास तोच, तुमची तपासणीही तीच. मध्ये फक्त एक सिंक झालं.

मूडल या ऑनलाइन वर्गाच्या प्रणालीत तर रिकामे गुण सरासरीतून वगळायचे की नाहीत याची स्वतंत्र सेटिंग आहे. ती कशी ठेवली आहे हे बघायला जाऊ नका. कोणीतरी, कधीतरी, काहीतरी विचार करून ठेवलीच असेल.

काही चौकस मंडळी इथे वनरोस्टरचं नाव काढतील. शाळांच्या प्रणालींनी एकमेकींना पटावरची माहिती आणि गुण कसे पाठवावेत, याचं हे मानक आहे. ते ठरवणारी संस्था आधी आयएमएस ग्लोबल म्हणवायची, 2022 पासून तिचं नाव वनएडटेक झालं. या मानकात गुणांसोबत स्थितीही पाठवता येते: सूट, जमा नाही, जमा पण न तपासलेलं, अर्धवट तपासलेलं, पूर्ण तपासलेलं. म्हणजे तुमच्या डोक्यातला भेद कागदावर उतरवण्याची सोय कोणीतरी मन लावून करून ठेवली आहे. तुमच्या दोन प्रणाली तो भेद खरंच वाहून नेतात, की वाटेत सगळ्याचं मिळून एक गोल शून्य करतात, हे तपासायला एका खोट्या विद्यार्थ्याचं खातं आणि पंधरा मिनिटं पुरतील. पण पंधरा मिनिटं कोणाकडे आहेत? पुढे ती पालकांसोबत घालवायची आहेत.

"मॅडम, गेल्या आठवड्यात ऑनलाइन वर्गात तिचे 80 टक्के दिसत होते. आज नोंदवहीत 60 आहेत."

"सिस्टीममध्ये जे आहे ते आहे हो."

"पण तो निबंध तिनं लिहिलाच नव्हता. आजारी होती ती. तुम्हीच सूट दिली होतीत."

"दिली होती ना. सिस्टीमनं घेतली नाही."

हे शेवटचं वाक्य पाठ करून ठेवा. त्यात नम्रता आहे, दिलगिरी नाही, आणि पुढचा प्रश्न कोणाला विचारायचा याचा पत्ताही नाही.

भारांकाचंही असंच. ऑनलाइन वर्गात 'एकूण गुण' निवडा आणि नोंदवहीत 'प्रकारानुसार भारांक' राहू द्या. स्वाध्यायांत 100 पैकी 90 आणि प्रकल्पात 50 पैकी 20 मिळालेला मुलगा पहिल्या हिशोबानं 73 टक्क्यांवर असतो. दुसरीकडे स्वाध्यायांना 40 आणि प्रकल्पाला 60 टक्के भार असेल, तर तो थेट 60 वर येतो. गणिताच्या शिक्षकांनी यावर वर्गात उदाहरण घालावं, मुलांना स्वानुभवामुळे पटकन कळेल. आणखी एक: ऑनलाइन वर्गात काम 20 गुणांचं आणि नोंदवहीत त्याच नावाचं काम 100 गुणांचं असेल, तर 18 गुण मिळवणारी हुशार मुलं एका रात्रीत ढ होतात. यालाही उपाय आहे, पण तो बटण दाबण्याआधी करावा लागतो, म्हणजे बाद.

कधीकधी थेट जोडणीच नसते. दोन प्रणाली अबोला धरलेल्या भावांसारख्या वागतात आणि निरोप तिसऱ्यामार्फत न्यावा लागतो. हा तिसरा म्हणजे सीएसव्ही फाइल, रकाने स्वल्पविरामांनी वेगळे केलेली साधी मजकूर फाइल. ती एका बाजूनं उतरवून घ्यायची, दुसऱ्या बाजूला चढवायची, आणि वाटेत एकदा एक्सेलमध्ये उघडून 'जरा बघायची'. ही उघडण्याची पायरी अजिबात चुकवू नका. सगळी गंमत तिथेच घडते.

एक्सेल तुमच्यापेक्षा उत्साही सहायक आहे. 007 हा हजेरी क्रमांक दिसला की पुढची दोन शून्यं फालतू समजून तो झाडून टाकतो. विद्यार्थ्याचा ओळख क्रमांक लांबलचक असेल तर पंधराव्या अंकापर्यंत इमानानं जपतो आणि त्यापुढे सगळीकडे शून्य लिहितो, म्हणजे अनेक मुलं एकच होतात आणि तपासणीचं काम हलकं होतं. देवनागरीतली नावं असतील आणि फाइलचं एन्कोडिंग, म्हणजे अक्षरं साठवण्याची पद्धत, त्याला ओळखू आली नाही, तर पटावर टोप्या घातलेल्या परदेशी अक्षरांची पलटण हजर होते.

पण त्याची खरी प्रतिभा तारखांत दिसते. दहा गुणांच्या चाचणीत मुलाला सात पडले म्हणून तुम्ही 7/10 लिहिलंत. एक्सेलनं ते वाचलं आणि त्याला त्यात 7 ऑक्टोबर दिसला. संगणक अमेरिकी पद्धतीवर असेल तर 10 जुलै. तारीख आत एका आकड्याच्या रूपात साठवलेली असते, त्यामुळे रकान्याचं स्वरूप बदलून तुम्ही तो 'सुधारायला' गेलात की खरा आकडा बाहेर येतो. हे 2024 मध्ये केलं असतंत तर 7 ऑक्टोबरच्या जागी 45572 उभे राहिले असते. दहापैकी! इतकं उदार मूल्यमापन कुठल्याही शिक्षकाच्या हातून आजवर झालेलं नाही. त्याच वेळी वीस गुणांच्या चाचणीतलं 18/20 मात्र तारखेत बसत नाही, म्हणून ते नुसता मजकूर म्हणून पडून राहतं आणि बेरीज त्याच्याकडे ढुंकूनही बघत नाही.

यात लाज वाटून घेऊ नका. जनुकांची नावं ठरवणाऱ्या शास्त्रज्ञांच्या समितीलाही याच छळामुळे काही मानवी जनुकांची नावं बदलावी लागली. मार्च1 आणि सेप्ट1 अशी नावं एक्सेलमध्ये टाकली की तारखा व्हायच्या, म्हणून 2020 च्या मार्गदर्शक सूचनांत असे बदल नमूद करावे लागले. विज्ञानानं हार मानली तिथे तुमची घटक चाचणी कोण लागून गेली. रकाना आधी 'टेक्स्ट' करून फाइल आयात करणं किंवा नुसता 7 लिहून 'पैकी 10' शीर्षकात देणं, असले उपाय चिकित्सक लोकांसाठी सोडून द्या.

मुलांची जुळणी नावावरूनच करा. ओळख क्रमांक किंवा ईमेल वापरला तर प्रत्येक आकडा नेमका त्याच मुलाकडे जातो आणि त्यात काही थरार उरत नाही. वर्गात एकाच नावाची दोन मुलं असतील तर नावावरूनच्या जुळणीत दैवाला वाव राहतो. शिवाय एका ठिकाणी आडनाव आधी आणि दुसरीकडे नंतर असेल, तर काही मुलं पटावरून अलगद गायब होतात. त्यांच्याविषयी कोणी तक्रारही करत नाही, कारण यादीत नाव नसलेल्या मुलाचे गुण कमी कसे असतील?

हे सगळं करूनही एखादी चूक तुमच्या नजरेला पडलीच, तर ती थेट नोंदवहीत दुरुस्त करा. ऑनलाइन वर्गातल्या मूळ आकड्याला हात लावू नका. म्हणजे रात्रीचं आपोआप होणारं सिंक मूळचा चुकीचा आकडा घेऊन येईल आणि तुमच्या दुरुस्तीवर बिनबोभाट बोळा फिरवेल. सकाळी तुम्ही पुन्हा दुरुस्त कराल. असं सत्र संपेपर्यंत चालू द्या. मग नोंदवही कुलूपबंद होईल, आणि त्या शेवटच्या दिवशी सिंक आधी झालं की तुम्ही, यावर मुलाचा निकाल ठरेल.

कुलूप लागल्यावर मात्र मदत केंद्राकडे तक्रार जरूर नोंदवा. ऑनलाइन वर्गवाले सांगतील, आमच्याकडून गुण बरोबर गेले. नोंदवहीवाले सांगतील, आम्हाला जे आले तेच आम्ही दाखवले. दोघेही खरं बोलत असतील. दोघांकडे पुरावा म्हणून 'सिंक झालं' सांगणाऱ्या हिरव्या खुणेचा तोच स्क्रीनशॉट असेल, आणि त्या खुणेचा अर्थ फाइल पोचली एवढाच आहे, आतले गुण बरोबर आहेत असा नाही, हे सांगण्याची जबाबदारी दोघांच्याही करारात नसेल. काही दिवसांनी तुमची तक्रार 'निवारण झाले' असा शेरा मारून आपोआप बंद होईल आणि सेवा कशी वाटली ते पाचपैकी किती तारे देऊन सांगा, अशी विनंती येईल. पाच द्या. तो आकडा लगेच, जसाच्या तसा आणि योग्य माणसाच्या खात्यावर जमा होतो.