चौकातलं मिग फ्रिजसारखं का चमकतं?

भांडण मन्याने काढलं. रविवारची मिसळ हाणून आम्ही कट्ट्यावर टेकतोय तोच म्हणाला, "त्या चौकात मांडलेल्या जुन्या मिगला, त्या लढाऊ विमानाला, कुणी शहाण्याने ऑइल पेंट फासलाय. फ्रिजसारखं चमकतंय!"

कुठला चौक ते लिहीत नाही, रंगवणारे ओळखीचे निघायचे. मन्या प्लास्टिकची विमानं जोडतो. करड्या रंगाच्या एका छटेसाठी तीन डब्या मागवणारा माणूस. आमचा दुसरा दोस्त देवा, त्याला विमानातलं ओ की ठो कळत नाही, त्यामुळे तो वादात कधीच मागे हटत नाही.

"तुझं काय बिघडलं? पोरं सेल्फी काढतात ना?"

"अरे, पण ते खोटं आहे! लढाईतल्या विमानाचा रंग मॅट असतो. उन्हात चमकलं तर शत्रूला लांबून दिसेल."

"चौकात शत्रू कोण? ट्रॅफिक हवालदार?" हे आप्पा. एकतीस वर्षं 'मिग'मध्ये होते, म्हणजे ओझरच्या एचएएलमध्ये, विमानांच्या कारखान्यात. आमच्याकडची जुनी माणसं कारखान्यालाही मिगच म्हणतात. "मॅट रंग खरबरीत असतो. धूळ धरतो, पाणी धरतो, दोन पावसाळ्यांत पांढरट पडतो. चकचकीत रंग पावसाने धुऊन निघतो. उघड्यावर उभं करायचंय, मग दुसरं काय लावणार?"

मन्या ऐकेना. विमान उभंसुद्धा चुकीचं आहे म्हणे, नको तितकं उंच.

यावर आप्पा खुलले. "बाइकवर डबलसीट बसलास की शॉकअप दबतात ना? तसंच आहे. टनाहून जड इंजिन काढलंय, दोनेक टन इंधन नाही. उंच दिसणारच. आणि चाकांच्या पायातला गॅस गळाला की तेच विमान म्हशीसारखं बसकण मारतं. म्हणून आतून टेकू देऊन पाय पक्के करतात. वैमानिकाला बाहेर उडवणाऱ्या सीटखालची काडतुसं काढतात, नाहीतर एखादं पोरगं दांडा ओढेल आणि जाईल वर."

"आणि तोंडावरचं झाकण?"

"ते आम्हीही लावायचो. उभ्या विमानात पाखरं घुसू नयेत म्हणून."

मन्या जरा नरमला, पण रंगाचा हट्ट सोडेना. खरा रंग एकच असतो म्हणे. इथे मात्र तो पुरता सापडला. आप्पांनी बोटांवर मोजून दाखवलं: सुरुवातीची मिग-२१ नुसत्या धातूची, लखलखीत. १९७१ च्या लढाईत त्यांच्यावर घाईघाईने हिरवे-तपकिरी पट्टे ओढले. पुढे सुधारून त्यांची 'बायसन' झाली तेव्हा करडी. "२६ सप्टेंबर २०२५ ला चंदीगडला शेवटच्या मिगांना निरोप दिला. आता चौकाचौकांत येतील बघ. सांग, कुठल्या सालचा रंग मारू?"

मला तेव्हा लिबरेटर आठवलं. महायुद्ध संपल्यावर कानपूरला मोडतोड करून टाकून दिलेली ती बॉम्बर विमानं. एचएएलवाल्यांनी ती सांधून पुन्हा उडवली आणि आपल्या हवाई दलाने १९६८ पर्यंत वापरली. त्यातलं एक फिरत फिरत अमेरिकेतल्या, जुनी विमानं जपणाऱ्या कॉलिंग्ज फाउंडेशनकडे गेलं आणि १९८९ पासून तिथे उडू लागलं. त्याला आधी नाव दिलं 'ऑल अमेरिकन', मग 'द ड्रॅगन अँड हिज टेल', मग 'विचक्राफ्ट'. तिन्ही वेश महायुद्धातल्या खऱ्याखुऱ्या अमेरिकन विमानांचे. या विमानाने मात्र अमेरिकेसाठी एकदाही लढाई केली नव्हती. कारखान्यातून ते ब्रिटिशांकडे गेलं आणि पुढची वीसेक वर्षं आपल्याकडे. आपला रंग? एकदाही नाही.

"ऑल अमेरिकन!" मन्याने कपाळावर हात मारला. "आणि तुम्ही मला ऑइल पेंटवरून हसता?"

देवा पहिल्यांदाच कामाचं बोलला. "अरे, देणग्या देणाऱ्यांचे आजोबा अमेरिकेच्या लिबरेटरमध्ये होते, आपल्या नव्हे. ज्याचा पैसा त्याचा रंग." मला पटलं, तरी आवडलं नाही. शेपटीवर बोटभर तिरंगा काढला असता तर काय बिघडलं असतं?

मन्याने शेवटचा पत्ता टाकला: 'फ्लॅक-बेट'. अमेरिकेच्या स्मिथसोनियन संग्रहालयाकडचं हे महायुद्धातलं मरॉडर बॉम्बर दोनशेहून जास्त मोहिमा करून आलं. अंगावर हजाराहून जास्त ठिगळं. त्याला नवा रंग द्यायचाच नाही, जुना आहे तोच जपायचा, असं त्यांनी ठरवलंय.

"छपराखाली आहे ना ते?" आप्पांनी विचारलं. "मग परवडतं. नाशिकच्या पावसात ठेवून दाखव म्हणावं."

थोडा वेळ कुणीच बोललं नाही. मग आप्पाच पुटपुटले, "माझी तक्रार वेगळीये. त्या पेंटरने बारीक अक्षरं बुजवली. इथे जॅक लावा, इथे पाय ठेवू नका... आम्ही एकेक अक्षर तपासायचो."

"आता कोण पाय ठेवणारे तिथे?" देवा म्हणाला.

"पोरं चढतात की," असं म्हणून आप्पा चहाचे पैसे द्यायला उठले.